वॉरंटी आहे, पण सुटा भाग नाही : सर्व्हिस सेंटरमध्ये उभ्या राहणाऱ्या मोटारींचा प्रश्न

नवी दिल्ली : नव्या मोटारीबरोबर मिळणाऱ्या वॉरंटी पुस्तिकेत कोणता भाग किती वर्षांपर्यंत किंवा किती किलोमीटरपर्यंत विनामूल्य बदलून मिळेल, याचा तपशील बारकाईने दिलेला असतो. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर अशा झिजणाऱ्या भागांचे अपवाद असतात. नियमित सर्व्हिसिंग चुकविल्यास वॉरंटी कशी संपुष्टात येईल, हेही बजावून सांगितलेले असते. मात्र बिघाड झाल्यावर तो किती दिवसांत दुरुस्त करून मिळेल, याचा उल्लेख त्यात बहुधा सापडत नाही. सुटा भाग उपलब्ध नाही म्हणून गाडी काही आठवडे, प्रसंगी काही महिने सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी राहते, तेव्हा ही उणीव ग्राहकाच्या ध्यानात येते. दुरुस्तीचा खर्च कंपनी करणार असते, पण कर्जाचा हप्ता, विम्याची मुदत आणि खुद्द वॉरंटीचा कालावधी यांपैकी काहीही तोवर थांबत नाही.

यातील शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. ह्युंदाई, किया, टोयोटा याही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात. तीन वर्षे म्हणजे १,०९५ दिवस. त्यांतील ९० दिवस गाडी दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उभी राहिली, तर मुदतीचा आठ टक्क्यांहून अधिक भाग गाडी न वापरताच संपतो. शिवाय बदललेल्या भागाला सर्वसाधारणपणे नवी वॉरंटी मिळत नाही; मूळ वॉरंटीचा जेवढा काळ उरला असेल, तेवढ्यापुरतेच त्याला संरक्षण असते. मुदतीच्या अखेरच्या महिन्यांत बिघाड झाला आणि भाग यायला उशीर झाला, तर नवा भाग बसेपर्यंत त्याचे संरक्षणही जवळजवळ संपलेले असते.

मुदत वाढवून देणे कंपन्यांना अशक्य आहे, असे मात्र नाही. २०२० च्या टाळेबंदीत सर्व्हिस सेंटर बंद असताना ज्यांची वॉरंटी किंवा मोफत सर्व्हिसिंगची मुदत संपत होती, अशा ग्राहकांना अनेक कंपन्यांनी आपणहून मुदतवाढ दिली होती. गाडी वापरता न येण्याचे कारण ग्राहकाच्या हातातले नव्हते, हे त्या वेळी मान्य झाले. सुट्या भागाअभावी उभ्या राहिलेल्या गाडीच्या मालकाचीही स्थिती वेगळी नाही. फरक एवढाच की तो एकटा असतो आणि त्याच्यासाठी कोणी सरसकट घोषणा करीत नाही.

भाग मिळायला इतका वेळ का लागतो, हे समजण्यासाठी त्याचा प्रवास पाहावा लागतो. सर्व्हिस सेंटर हे कंपनीचे नसून बहुतेक ठिकाणी डीलरच्या मालकीचे असते. डीलर आपल्या भांडारात ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, पट्टे, बंपर असे नेहमी खपणारे भाग ठेवतो, कारण त्यांत गुंतविलेला पैसा लवकर मोकळा होतो. इंजिनचे नियंत्रण करणारा ईसीयू, वायरिंग हार्नेस, स्टिअरिंगची मोटर, स्वयंचलित गिअरबॉक्सचे नियंत्रक किंवा एअरबॅगचे मॉड्यूल हे भाग क्वचित लागतात आणि महाग असतात. शिवाय एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या प्रकारांना ते वेगवेगळे लागतात. ते कोणीही साठवून ठेवीत नाही. अशा भागाची मागणी कंपनीच्या प्रादेशिक गोदामाकडे जाते, तेथे नसेल तर मध्यवर्ती गोदामाकडे आणि तेथेही नसेल तर मूळ पुरवठादाराकडे. वॉरंटीच्या काळात बिघडणारे भाग पुष्कळदा याच दुसऱ्या गटातले असतात. झिजणारे भाग वॉरंटीत बसत नाहीत आणि जे बसतात ते भांडारात नसतात, अशी ही विचित्र स्थिती आहे.

पुरवठादाराकडे मागणी पोहोचली, तरी खरी स्पर्धा तेथे सुरू होते. नवी गाडी जुळविणाऱ्या कारखान्याला आणि दुरुस्तीसाठी थांबलेल्या गाडीला लागणारा भाग बहुधा एकच असतो आणि तो एकाच यंत्रावर तयार होतो. पुरवठा मुबलक असताना याने काही बिघडत नाही. तुटवडा पडला की मात्र निवड करावी लागते. कारखान्यात बसविलेला एक ईसीयू संपूर्ण गाडीची विक्री शक्य करतो; वॉरंटीच्या दुरुस्तीत बसविलेला तोच ईसीयू कंपनीच्या हिशेबात केवळ खर्च म्हणून नोंदला जातो. अशा वेळी कोणाला आधी मिळावे, याचे उत्तर कंपनीच्या जमाखर्चातच दडलेले असते. नव्याने बाजारात आलेल्या आणि जोरात खपणाऱ्या मॉडेलच्या पहिल्या ग्राहकांना सुट्या भागांसाठी अधिक थांबावे लागण्याचे एक कारण हे आहे.

गेल्या काही वर्षांत असे तुटवडे वारंवार आले. करोनाच्या साथीनंतर मोटारींसाठी लागणाऱ्या सेमीकंडक्टर चिपची जगभर टंचाई झाली. तशात १९ मार्च २०२१ रोजी जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली आणि वाहन उद्योगाला चिप पुरविणारा एक मोठा स्रोत काही काळ आटला. भारतातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने, मारुती सुझुकीने, सप्टेंबर २०२१ मध्ये आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्केच होईल, असे जाहीर केले होते. नव्या गाड्यांसाठी लागलेल्या प्रतीक्षायादीची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये थांबलेल्या गाड्यांची यादी मात्र कोणी प्रसिद्ध करीत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. विद्युत वाहनांच्या मोटरमध्ये तर हे चुंबक लागतातच, पण पेट्रोलच्या साध्या गाडीतील पॉवर स्टिअरिंगसारख्या भागांतही ते असतात. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस नेदरलँड्सच्या सरकारने नेक्सपेरिया या चिप कंपनीचे नियंत्रण हाती घेतले आणि ऑक्टोबरमध्ये चीनने तिच्या चिनी कारखान्यातील मालाची निर्यात रोखली. या कंपनीच्या चिप अत्यंत साध्या आणि स्वस्त असतात. पण त्यांच्याअभावी अनेक देशांतील मोटार कारखान्यांच्या उत्पादनावर परिणाम झाला. किरकोळ किमतीचा एक घटक नसल्यामुळे हजारो रुपयांचे नियंत्रक तयार होत नाही आणि त्या नियंत्रकाअभावी लाखो रुपयांची गाडी उभी राहते, ही साखळी त्या प्रसंगातून स्पष्ट झाली.

तथापि सर्वच विलंबाचे खापर परदेशी घडामोडींवर फोडता येणार नाही. पुण्याजवळचे चाकण, हरियाणातील मानेसर, तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर आणि गुजरातेतील साणंद या पट्ट्यांत सुटे भाग बनविणाऱ्या असंख्य कंपन्या आहेत. तरीही चाकणमध्ये तयार झालेला भाग शेजारच्या पिंपरी-चिंचवडमधील सर्व्हिस सेंटरला थेट मिळत नाही. तो आधी मोटार कंपनीच्या गोदामात जातो, तिच्या वेष्टनात बांधला जातो आणि मग मागणीच्या क्रमाने बाहेर पडतो. ही व्यवस्था गुणवत्तेसाठी आवश्यक असल्याचे कंपन्या सांगतात. पण तिच्या दुसऱ्या बाजूवर भारतीय स्पर्धा आयोगाने बोट ठेवले होते. २०११ मध्ये दाखल झालेल्या एका तक्रारीवर आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी आदेश देऊन १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुरवठादारांना सुटे भाग खुल्या बाजारात विकण्यास करारांद्वारे अटकाव केला जातो आणि त्यामुळे ग्राहक कंपनीच्या साखळीतच अडकून पडतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले होते. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. तीन कंपन्यांच्या अपिलांवर स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये मूळ निष्कर्ष कायम ठेवले, दंडाच्या आकारणीची पद्धत मात्र बदलली. त्यानंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

अंतराचा प्रश्न वेगळाच आहे. मुंबई, दिल्ली किंवा चेन्नईच्या परिसरात जो भाग गोदामातून एक-दोन दिवसांत पोहोचतो, त्याला ईशान्येकडील राज्यांत जायला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून रस्त्याने बरेच दिवस लागतात. अंदमानात अवजड भाग जहाजाने जातात, तर हिवाळ्यात जोझिला खिंड बंद झाली की लेहकडे जाणारी मालवाहतूक खोळंबते. विद्युत मोटारींच्या बाबतीत यात आणखी एक अडचण येते. त्यांच्या बॅटरीवर सामान्यतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, परंतु लिथियम-आयन बॅटरी हा धोकादायक माल मानला जातो. नुसती बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहू सामान म्हणून पाठविण्यास २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे आणि बिघडलेली किंवा इजा झालेली बॅटरी तर विमानाने नेताच येत नाही. त्यामुळे तपासणीसाठी बॅटरी कारखान्यात पाठवून परत आणावयाची असेल, तर दोन्ही वेळा रस्त्याचाच मार्ग उरतो.

कंपनीनेच देश सोडला तर काय, हा प्रश्नही भारतीय ग्राहकांना अपरिचित नाही. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबविली. तिचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० पर्यंत निर्यातीपुरता चालला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सेवा आणि सुट्या भागांचा पुरवठा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. परंतु नव्या गाड्यांची विक्री नसली की डीलरांची संख्या घटते आणि उरलेल्या सेवा केंद्रापर्यंतचे अंतर वाढते.

आता ग्राहकाच्या हातात काय आहे, ते पाहू. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘भाग आलेला नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. पहिली, डीलरने भागाची मागणी नोंदविली आहे, पण कंपनीकडे तो नाही. दुसरी, महागड्या भागासाठी कंपनीची वॉरंटीविषयक पूर्वमंजुरी लागते आणि ती अद्याप मिळालेली नाही. छायाचित्रे, तपासणीचे अहवाल यांची देवाणघेवाण चालू आहे. तिसरी, मागणीच नोंदविलेली नाही किंवा ती नेहमीच्या साठ्याच्या मागणीत घातली गेली आहे. रस्त्यावर चालू शकत नसलेल्या गाडीसाठी तातडीची मागणी नोंदविण्याची वेगळी सोय बहुतेक कंपन्यांकडे असते. या व्यवसायात तिला ‘व्हीओआर’ म्हणतात. म्हणून केवळ ‘कधी येईल’ एवढे न विचारता भागाचा क्रमांक कोणता, मागणी कोणत्या तारखेला नोंदविली, ती तातडीची आहे काय आणि वॉरंटीची मंजुरी मिळाली काय, हे प्रश्न ई-मेलने विचारावेत. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली की विलंब नेमका कोठे आहे ते कळते. अनेकदा उत्तर देण्याच्या निमित्ताने राहून गेलेली मागणीही नोंदविली जाते.

कायद्याकडे वळले तर प्रथम एक जुनी तरतूद लक्षात घ्यावी लागते. करारात काम पुरे करण्याची मुदत दिलेली नसेल, तर ते वाजवी काळात पार पाडले पाहिजे, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ४६ सांगते. वाजवी काळ कोणता, हा प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याचेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. वॉरंटी पुस्तिकेत दिवसांचा आकडा नाही, याचा अर्थ कंपनीला अमर्याद वेळ आहे असा होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात करारानुसार स्वीकारलेले काम ज्या रीतीने पार पाडायला हवे, त्यातील उणीव आणि हयगय या दोन्हींचा समावेश होतो. अवाजवी विलंबाची तक्रार याच व्याख्येखाली करता येते.

याच अधिनियमातील ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण ऐकायला अधिक भारदस्त वाटते, परंतु या कामी ते फारसे उपयोगी नाही. त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान आणि वॉरंटीच्या अटींच्या भंगामुळे होणारे आर्थिक नुकसान वगळलेले आहे. तक्रारीचा मसुदा करताना हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट.

मागणी काय करावी, यालाही मर्यादा आहे. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच आश्वासन असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश त्या आधारे देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ‘नवी गाडी द्या’ या मागणीपेक्षा दुरुस्ती ठरावीक मुदतीत पुरी करावी, दरम्यानच्या प्रवासखर्चाची आणि मनस्तापाची भरपाई द्यावी, वॉरंटी तेवढ्या दिवसांनी वाढवावी, या मागण्या अधिक टिकाऊ ठरू शकतात. तक्रारीत डीलर आणि उत्पादक या दोघांनाही पक्षकार करणे श्रेयस्कर असते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी विकल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पादक टाटा मोटर्सवरील जबाबदारी रद्द ठरविली. दोघांमधील करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि डीलरच्या कृतीची उत्पादकाला माहिती होती असे सिद्ध झाले नाही, हे त्यामागील कारण होते. भाग पाठविणे उत्पादकाच्या हातात आणि मागणी नोंदविणे डीलरच्या हातात असताना, कोणी काय केले हे दाखविणारा पत्रव्यवहार ग्राहकापाशी हवा.

विलंबाच्या तक्रारीला एका बाबतीत निर्माणदोषाच्या तक्रारीपेक्षा अनुकूलता आहे. दोष होता की नव्हता, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि त्यात काळ जातो. वॉरंटीखाली दुरुस्ती कंपनीने मान्य केलेली असेल, तर दोषाचा वाद उरत नाही. उरतात त्या तारखा. गाडी आत घेतल्याचे जॉब कार्ड हा त्यांतील सर्वांत मोलाचा कागद होय. काही वेळा भाग येईपर्यंत गाडी घरी नेण्यास सांगून जॉब कार्ड बंद केले जाते आणि भाग आल्यावर नवे उघडले जाते. तसे झाले तर कागदोपत्री दुरुस्ती दोन दिवसांत झाल्याचे दिसते. गाडी परत नेताना ‘अमुक भाग प्रलंबित’ अशी नोंद जुन्या जॉब कार्डावर करून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

टॅक्सी चालविणाऱ्याचे नुकसान सर्वांत मोठे असते, कारण त्याची गाडी थांबली की घरातील मिळकत थांबते. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे अधिनियमातच स्पष्ट केलेले आहे. स्वतःची एकच टॅक्सी चालविणाऱ्याला हे संरक्षण मिळू शकते. पगारी चालक ठेवून अनेक गाड्या चालविणाऱ्या व्यावसायिकाची गोष्ट वेगळी. विम्यासोबत घेतलेले दैनिक भत्त्याचे जोडसंरक्षण मात्र येथे कामी येत नाही, कारण ते अपघातासारख्या विमाकृत घटनेनंतरच्या दुरुस्तीसाठी असते, यांत्रिक बिघाडासाठी नव्हे.

पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवून समेट घडवू पाहते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये असे शुल्क आहे. नोकरीनिमित्त गाव बदललेल्यांसाठी २०१९ च्या कायद्यातील एक बदल मोलाचा आहे : गाडी पुण्यात घेतली असली, तरी सध्या इंदूर, बंगळुरू किंवा गुवाहाटीत राहणाऱ्याला तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. ती ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल होते. तपासणीची गरज नसलेले प्रकरण समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

सदोष भागाचा संबंध सुरक्षिततेशी असेल, तर आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११० अ नुसार सरकार उत्पादकाला सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते आणि त्याविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. मात्र अशा परत बोलावण्यात एकाच भागाची मागणी एकाच वेळी हजारो गाड्यांसाठी निर्माण होते, आणि रांग उलट वाढते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत या प्रश्नाला आकड्यात उत्तर दिलेले आहे. खरेदीपासून १८ महिने किंवा १८ हजार मैलांच्या आत वॉरंटीच्या दुरुस्तीसाठी गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ अडकून पडली, तर पुरेशी संधी देऊनही उत्पादकाला दुरुस्ती जमली नाही, असे तेथील कायदा गृहीत धरतो आणि ग्राहकाला गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. भारतात असा आकडा कोणत्याही कायद्यात नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारींचा समावेश त्यातील चार क्षेत्रांत आहे आणि सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती तेथे एकत्र मिळावी, हा त्याचा हेतू आहे. एखादी वस्तू किती सुलभपणे दुरुस्त होते, हे खरेदीपूर्वीच सांगणाऱ्या निर्देशांकाचा आराखडाही विभागाच्या दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये सादर केला. सुट्या भागांची उपलब्धता हा त्यातील एक निकष आहे, पण तो आराखडा मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता आहे. मोटारी त्यात नाहीत.